जगात जर्मनी, भारतात परभणी... आणि अण्णांचा थरथरणारा हात

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. शिव्या द्यायच्या असतील तर वाचून झाल्यावर द्या.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपण लहानपणापासून ऐकतोय. बाहेरगावी कुणी परभणीला नाव ठेवलं की छाती पुढं काढून आपण हेच म्हणतो. मी पण म्हणतो. आज मात्र या म्हणीतल्या पहिल्या अर्ध्याबद्दल बोलायचं आहे.

२०२४ साली जर्मनीत एक गोष्ट झाली. तिथल्या केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या तज्ज्ञ मंडळाने शिफारस प्रसिद्ध केली की कीटकनाशक, तणनाशक, बुरशीनाशक वर्षानुवर्षं फवारणाऱ्या माणसाला पार्किन्सन्स झाला, तर तो व्यवसायामुळे झालेला आजार मानावा. त्यासाठी त्यांनी मोजमापही ठरवलं. आयुष्यात स्वतः केलेल्या फवारणीचे किमान १०० दिवस. फ्रान्सने तर २०१२ सालीच शेतकऱ्यांचा पार्किन्सन्स व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घातला. म्हणजे तिथला शेतकरी थरथरायला लागला तर त्याचा विमा, त्याची भरपाई, त्याचा उपचार ही सगळी व्यवस्थेची जबाबदारी.

आता भारतातल्या जर्मनीत या. म्हणजे आपल्या परभणीत.

आमचे अण्णा. वय ७४. पाथरी तालुक्यात आठ एकर कोरडवाहू. पस्तीस-चाळीस वर्षं कापूस, मधे तूर, नंतर सोयाबीन. पाठीवर पंप, तोंडाला उपरणं, पायात काही नाही. एका हंगामात चार-पाच फवारण्या, एकेका फवारणीला दोन दिवस. करा हिशेब. जर्मनीतले ते १०० दिवस अण्णांनी पहिल्या दहा-बारा वर्षांतच ओलांडले. त्यानंतरही वीस-पंचवीस वर्षं फवारणी चालूच होती.

आजार आधी हातात दिसला नाही, तो सहीत दिसला. बँकेत पैसे काढायची स्लिप परत आली, सही जुळत नाही म्हणून. पहिल्यांदा आम्ही हसलो. दुसऱ्यांदा बँकेतल्या माणसाशी भांडलो. तिसऱ्यांदा मी जुनी पासबुकं काढून बघितली, तर अण्णांचं अक्षर दरवर्षी बारीक होत गेलेलं. शेवटची सही मुंगी चालल्यासारखी. त्याच्या कितीतरी आधी त्यांना फोडणीचा वास यायचा बंद झाला होता, झोपेत ते ओरडायचे, हातवारे करायचे. आई म्हणायची, दिवसभर शेतात राबलेला माणूस आहे, झोपेतही बैलं हाकतो. पुढं डॉक्टरने सांगितलं की ही सगळी या आजाराची आधीची पावलं असू शकतात. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं एका दवाखान्यात संधिवाताच्या गोळ्या खाल्ल्या. गावात कुणी म्हणालं, "म्हातारपण हाय, व्हायचंच असं." कुणी म्हणालं, "बाहेरचं बघून घ्या एकदा." शेवटी दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन मेंदूचे डॉक्टर गाठले. त्यांनी अण्णांना दहा पावलं चालवलं, दोन बोटं एकमेकांवर आपटायला लावली आणि पाच मिनिटांत नाव सांगितलं. पार्किन्सन्स.

आज अण्णांचं घड्याळ गोळीवर चालतं. गोळी लागू झाली की स्वतः उठतात, दाढी करतात, पारावर जाऊन बसतात, माझ्या बातमीतली चूक काढतात. तीन तास झाले की माणूस जागच्या जागी थिजतो. उंबरठ्यापाशी पाऊल उचलत नाही. आवाज इतका बारीक होतो की फोनवर पलीकडचा 'हॅलो, हॅलो' करून ठेवून देतो. डाळ-दूध गोळीच्या जवळ आलं तर गोळी नीट लागत नाही, म्हणून जेवणाचंही वेळापत्रक. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना प्रत्येक ओळ पाठ असणार, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना कळावं म्हणून लिहितोय.

आता मुद्द्याचं.

अण्णा जी गोळी खातात तिचं नाव लेव्होडोपा, सोबत कार्बिडोपा. या आजाराचं वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने १८१७ साली केलं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं हे १९५७ ते १९६० च्या दरम्यान कार्लसन आणि हॉर्निकीविच यांच्या कामातून पुढं आलं. १९६७ साली अमेरिकेत कोट्झियास यांनी तोंडाने मोठ्या मात्रेत लेव्होडोपा देऊन अंथरुणाला खिळलेली माणसं चालती केली. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आज मी चाळिशी ओलांडली, आणि आजही मुख्य औषध तेच आहे! नंतर मदतीच्या गोळ्या आल्या. १९८७ पासून मेंदूत तार बसवून विजेचे झटके देणारी शस्त्रक्रिया आली, तिचा खर्च लाखांत, म्हणजे आपल्यासाठी ती नाहीच. पण आजाराची वाढ थांबवणारं एकही औषध आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. जे आहे ते लक्षणं दाबतं. खाली मेंदूच्या पेशी मरतच राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात पार्किन्सन्सचे ८५ लाखांहून जास्त रुग्ण होते आणि मेंदूच्या आजारांत याचं प्रमाण सगळ्यात वेगाने वाढतंय. भारतात २०१६ चा अंदाज ५ लाख ८० हजारांच्या आसपास होता. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८ लाख ३६ हजार. ढोबळ प्रमाण लावलं तर जिल्ह्यात आठशेच्या घरात रुग्ण निघतात. नऊ तालुके. म्हणजे सेलूत, जिंतुरात, गंगाखेडात, पालममध्ये, प्रत्येक तालुक्यात नव्वदेक माणसं. हा त्रैराशिकाचा आकडा आहे, मोजलेला नाही. मोजायला कुणी आलंच नाही ना!

आणि आता पैशाचा हिशेब. केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आरोग्य संशोधन विभागाला सुमारे ३,९०० कोटी रुपये आहेत. आयसीएमआर याच विभागाखाली येते. आकडा मोठा वाटतो. १४० कोटी लोकांनी भागा. माणशी वर्षाला २८ रुपये. स्टेशन रोडवर दोन चहा आणि हातात थोडी चिल्लर. आणि या २८ रुपयांत क्षयरोग, कॅन्सर, डेंग्यू, मधुमेह, सिकलसेल, सगळं आलं. त्यात पार्किन्सन्सच्या वाट्याला किती पैसे येत असतील, तुम्हीच ठरवा.

देश म्हणून आपण सगळ्या प्रकारच्या संशोधनावर मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. चीन २.४ टक्क्यांच्या पुढं आहे. अमेरिका साडेतीनच्या आसपास. दक्षिण कोरिया पाचच्या जवळ. भाषणात मात्र विश्वगुरू आपणच.

२०२३ साली संसदेने कायदा करून 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन' काढलं. पाच वर्षांत ५०,००० कोटी, अशी हेडलाइन झाली. आम्हीच छापली. खालची ओळ किती जणांनी वाचली? त्यातले ३६,००० कोटी सरकारच्या तिजोरीबाहेरून, उद्योगांकडून, देणगीदारांकडून यायचे आहेत. २०२५ च्या जुलैत आणखी एक लाख कोटींची संशोधन योजना मंजूर झाली. ती प्रामुख्याने खासगी उद्योगांना कमी व्याजाचं, लांब मुदतीचं भांडवल देण्यासाठी. वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण कर्ज कोण घेतो? ज्याला विकून नफा कमवायचा आहे तो. ज्या औषधात नफा नाही त्यावर कर्ज काढून संशोधन कोण करेल?

हा प्रश्न हवेतला नाही. याचं उत्तर आपल्या बांधावर उगवतं. खाजकुयली!

हो, तीच. लहानपणी शाळेत एखाद्याच्या सदऱ्यात टाकायचो आणि मग गुरुजींचा मार खायचो, ती केसाळ शेंग. तिच्या बीमध्ये नैसर्गिक लेव्होडोपा असतं. हे १९३७ साली मद्रासच्या दोन संशोधकांनी, दामोदरन आणि रामस्वामी यांनी, प्रयोगशाळेत वेगळं काढून दाखवलं. जगाला लेव्होडोपाचा पार्किन्सन्सवर उपयोग कळायच्या पाव शतक आधी! आयुर्वेदात कंपवात आणि कवचबीज दोन्ही शतकानुशतकं आहेतच. १९७८ साली मुंबईच्या डॉक्टर-संशोधकांनी या बीचे रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. पुढं मुंबईच्याच झंडू कंपनीने त्याची पूड तयार केली, तिची ६० रुग्णांवर १२ आठवडे चाचणी झाली, १९९५ साली ती प्रसिद्ध झाली.

मग काय झालं? मग आपण थंड झालो. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली. २०१७ साली इटलीच्या डॉक्टरांनी बोलिव्हियात जाऊन १८ रुग्णांवर केली. बोलिव्हियात का? कारण तिथल्या गरिबांना गोळीही परवडत नाही आणि ही बी तिथं रुपयांत मिळते. त्या चाचणीत बीच्या पुडीने गोळीइतकाच आराम पडला, आणि अंग वेडंवाकडं हलण्याचा त्रास कमी दिसला. पण हे एकेका मात्रेचे निष्कर्ष. आठ माणसं, अठरा माणसं. वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं, मात्रा किती, कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, यासाठी शेकडो रुग्णांवरची, काही वर्षं चालणारी चाचणी लागते. त्याला काही कोटी लागतात. कंपनी ते घालणार नाही, कारण बांधावरच्या शेंगेची मक्तेदारी कुणालाच मिळत नाही. म्हणजे हे काम सरकारचं. बी आपली, ग्रंथ आपले, १९३७ चा शोध आपला, रुग्ण आपले. आणि चाचणी बोलिव्हियात! 'आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' अशी पोस्ट टाकणाऱ्यांनी कधी यासाठी एक निवेदन दिलंय का?

(एक महत्त्वाचं. ही पोस्ट वाचून कुणी खाजकुयली वाटून खाऊ नका, घरच्या रुग्णालाही देऊ नका. बी-बीत औषधाचं प्रमाण वेगळं असतं. चालू गोळीसोबत मात्रा वाढली तर उलट्या, भास, रक्तदाब पडणं असं होऊ शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नाही. यासाठीच तर संशोधन मागतोय.)

आता दुसरी गोष्ट. फवारणी.

आपल्याकडे कीटकनाशकालाही 'औषध' म्हणतात. "औषध मारायला गेलेत," असं आई सांगायची. आता "औषध घेतलं का?" असं विचारते. शब्द तोच. मला या दोन औषधांमधला संबंध जाणून घ्यायचा आहे.

१९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण नशेखोर अचानक लाकडासारखे ताठ होऊन दवाखान्यात आले. वय विशी-तिशीचं, लक्षणं सत्तरीच्या पार्किन्सन्सची. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट नशेत एमपीटीपी नावाचं रसायन निघालं. ते शरीरात गेल्यावर जे रूप घेतं, त्याची रासायनिक ठेवण पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. तिथून शास्त्रज्ञ शेतीच्या रसायनांकडे बघायला लागले. २००० साली उंदरांना रोटेनोन हे कीटकनाशक देऊन पार्किन्सन्ससारखी अवस्था निर्माण करून दाखवली. २०११ साली अमेरिकेतल्या फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरलेल्यांमध्ये पार्किन्सन्सचं प्रमाण सुमारे अडीच पट दिसलं. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून नाही. चीननेही बंद केलं. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात जा, गवत मारायचं औषध म्हणून मिळतं.

अण्णांना आजार फवारणीनेच झाला असं मी म्हणत नाहीये. एका माणसाबद्दल असं कुणीच सांगू शकत नाही. वय असतं, रक्तातला वारसा असतो, विहिरीचं पाणी असतं. पण एका जिल्ह्याबद्दल सांगता येतं! मोजलं तर. फवारणाऱ्या घरांत किती रुग्ण, न फवारणाऱ्या घरांत किती, कोणतं औषध किती वर्षं. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा चौकशी बसली, कॅमेरे आले. कारण माणसं लगेच मेली. वीस वर्षांनी हळूहळू थिजणाऱ्या माणसासाठी कॅमेरा येत नाही. मी स्वतः बावीस वर्षं बातमीदारी करतोय. किती फवारणीच्या बातम्या केल्या, पण एकदाही हा प्रश्न विचारला नाही. ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन असतो, त्याची चार ओळींची बातमी आतल्या पानावर टाकली की आमचं काम संपलं. घरात आजार आला तेव्हा डोळे उघडले. त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहितोय.

मोजता येतं का? येतं. आपल्याच राज्यात मोजलंय. ऐंशीच्या दशकात मुंबईत भरूचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन मेंदूच्या आजारांची पाहणी केली. आधी प्रश्नावली, मग संशय आला त्यांची न्यूरॉलॉजिस्टकडून तपासणी. १४,०१० माणसांत ४६ पार्किन्सन्सचे रुग्ण निघाले, म्हणजे लाखामागे ३२८. १९८८ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा जगभरात चर्चा झाली, कारण तोवर नोंदवलेल्या प्रमाणांत ते सगळ्यात जास्त होतं. त्या समाजात म्हातारी माणसं जास्त हेही एक कारण होतं. पण कळलं कशामुळे? कुणीतरी दार वाजवलं म्हणून. आज माझ्या अंदाजाला मी लाखामागे ४४ धरलेत. आपल्या गावांत दार वाजवलं तर काय निघेल?

आणि दार वाजवायला आपल्याकडे माणसं आहेत. गावोगाव आशाताई आहेत. परभणीकरांनी मोर्चे काढून, उपोषणं करून मिळवलेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि त्याच शहरात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. फवारणीची माहिती एका संस्थेकडे, रुग्ण दुसऱ्या संस्थेकडे, मधे रिक्षाचं अंतर. एका गावात या दोन्ही संस्था असलेले जिल्हे महाराष्ट्रात मोजकेच. जे काम जर्मनी-फ्रान्सने केलं त्यासाठी देशात परभणीइतकी सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही.

"परभणीत कुठं आलंय संशोधन!" असं म्हणून हसणाऱ्यांसाठी. भेंडी खाता ना? ऐंशीच्या दशकात हळद्या रोगाने भेंडीचे प्लॉटच्या प्लॉट पिवळे पडत होते. त्याला दाद न देणारा वाण आपल्या विद्यापीठाने काढला, 'परभणी क्रांती'. देशभर गेला तो. ज्वारीची 'परभणी मोती' इथलीच. कापसाचा नांदेड-४४ याच विद्यापीठाच्या नांदेडच्या केंद्राने १९८४ साली दिला, त्यावर मराठवाड्यातल्या कितीतरी घरांच्या भिंती उभ्या राहिल्या. हे सगळं सरकारी पैशातून झालं, वर्षानुवर्षं धीर धरून झालं. भेंडीच्या रोगावर पैसा घालायची अक्कल आपल्याला होती. भेंडीवर फवारणाऱ्या माणसाच्या रोगावर घालायला काय झालं?

आता नेहमीचे आक्षेप.

एक, "आधी रस्ते करा, पाणी द्या, मग संशोधन." दादा, वसमत रोडवरचे खड्डे मी तुमच्यापेक्षा जास्त मोजलेत. पण रस्त्याचा पैसा वेगळा, संशोधनाचा वेगळा. संशोधन न केल्याने वाचलेला पैसा तुमच्या गल्लीत डांबर बनून येत नाही. आलाय का आजवर?

दोन, "अमेरिका शोधेल, आपण घेऊ." घेऊ? कोणत्या भावात? एप्रिल २०२५ मध्ये दोन चाचण्यांचे निकाल आले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी मेंदूत सोडून डोपामिन पुन्हा तयार होतं का, हे बघणाऱ्या. एक जपानच्या क्योटो विद्यापीठाची, सात रुग्णांवर. दुसरी बारा रुग्णांवर, ब्लूरॉक नावाच्या कंपनीची. ब्लूरॉकची मालक कोण? बायर. हो, तीच जर्मन बायर, जिचं नाव आपला शेतकरी बियाणं-औषधाच्या दुकानात रोज वाचतो. अजून सुरुवात आहे, यश आलं तर आनंदच. पण ते आलं तर पेटंट तिकडचं, किंमत तिकडची आणि रांगेत सगळ्यात मागं पाथरी तालुका. शिवाय तिकडची चाचणी तिकडच्या माणसांवर. आपलं रक्त वेगळं, आहार वेगळा, शेतातली रसायनं वेगळी. आपल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या वहीत कसं असेल?

तीन, "संशोधनात पैसा वाया जातो." काही वेळा जातो. मधुमेहाच्या एक्झेनाटाइड नावाच्या औषधाकडून पार्किन्सन्ससाठी मोठी आशा होती. लंडनच्या पथकाने दोन वर्षं १९४ रुग्णांवर तपासलं, २०२५ साली निकाल आला, उपयोग नाही. वाया गेलं? आता जगातला कुठलाही डॉक्टर त्या आशेवर पेशंटचे पैसे घालवणार नाही. त्याच कुळातल्या दुसऱ्या औषधाने २०२४ साली फ्रान्समध्ये थोडी आशा दाखवली होती. आता दोन्ही निकाल शेजारी ठेवून पुढचा प्रश्न नीट विचारता येईल. एका विहिरीला पाणी लागलं नाही म्हणून गावाने खोदणं सोडलं असतं तर आज मराठवाड्यात माणूस उरला नसता.

चार, "म्हाताऱ्यांचा आजार, त्यावर किती खर्च करायचा?" हे तोंडावर कुणी बोलत नाही, पण मनात असतं. त्यांना दोनच गोष्टी सांगतो. मायकल जे. फॉक्स या हॉलिवूडच्या नटाला हा आजार कळला तेव्हा त्याचं वय २९ होतं. त्याने २००० साली संस्था काढली आणि आजवर तिने दोनशे कोटी डॉलरहून अधिक पैसा संशोधनात घातलाय. एका आजारी माणसाच्या जिद्दीतून! आणि दुसरं, घरातला एक म्हातारा आजारी पडला की त्याच्यामागं एक बाई घरात अडकते. आमच्याकडे आई अडकली. चार वर्षांत ती माहेरी राहायला गेलेली नाही. तिचा आजार कोणत्या यादीत आहे?

तुलना करायची म्हणून सांगतो, महाराष्ट्रात काहीच होत नाही असं नाही. मुंबईत डॉ. सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ साली सुरू झालेली संस्था रुग्णांचे आधारगट चालवते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथं रुग्ण नाचाचे वर्गही करतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन्स आहे. पण आधार म्हणजे उपचार नाही, आणि पुणे-मुंबई म्हणजे परभणी नाही.

जिथं विज्ञान पोचत नाही तिथं कोण पोचतं ते सांगू? पॅम्फ्लेटवाला. "कंपवात मुळापासून बरा, ९० दिवसांत गॅरंटी." लॉजच्या खोलीत महिन्यातून एकदा बसणारा. अण्णांसाठी मी स्वतः अशा एकाला अठरा हजार दिले आहेत. शिकलेला, पत्रकारितेचा डिप्लोमा घेतलेला, दुसऱ्यांना अंधश्रद्धेवर अग्रलेख ऐकवणारा मी! बाप डोळ्यांसमोर थिजताना बघितला की अक्कल गहाण पडते. संशोधनावर पैसा घालत नाही म्हणता ना? तो पैसा घालतोच आहोत आपण. फक्त तो लॉजच्या खोलीत जातोय.

म्हणून मागण्या. मोघम नाही, लिहून घ्या.

१. वैद्यकीय महाविद्यालय आणि कृषी विद्यापीठ यांनी मिळून जिल्ह्यातल्या निवडक गावांची घरोघर पाहणी करावी. पार्किन्सन्सचे रुग्ण आणि त्यांचा फवारणीचा इतिहास, दोन्ही नोंदवावं. खर्च आयसीएमआर आणि राज्य सरकारने उचलावा. आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदला द्यावा, फुकट राबवू नये.

२. खाजकुयलीच्या मोठ्या, अनेक केंद्रांवरच्या चाचणीसाठी आयुष मंत्रालय आणि आयसीएमआरने संयुक्त निधी द्यावा. निकाल काहीही येवो, छापावा. उपयोग नाही असा आला तरी छापावा.

३. जिल्ह्यातल्या ज्या कारखान्यांना, कंपन्यांना सीएसआरचे दोन टक्के लागू आहेत, त्यांनी त्यातला थोडा भाग आरोग्य संशोधनाला द्यावा. नाव टाकलेली सिमेंटची बाकडी आता पुरे झाली. बसायला माणूस चालत बाकड्यापर्यंत तर आला पाहिजे.

४. महिन्यातून निदान दोन दिवस परभणीत मेंदूविकार तज्ज्ञांची ओपीडी. रुग्णाची नोंदच नसेल तर उद्या चाचणी आली तरी परभणीचा माणूस तिच्यात कसा जाणार?

५. आपल्या खासदारांनी संसदेत एकच प्रश्न विचारावा. गेल्या पाच वर्षांत केंद्राने पार्किन्सन्सच्या संशोधनावर किती रुपये खर्च केले, आणि त्यातले शेतकऱ्यांच्या फवारणीच्या अभ्यासावर किती? पक्ष कोणताही असो. उत्तर आलं की मी ते जसंच्या तसं इथं टाकीन.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. हाच प्रश्न विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकतोय. पावती इथंच टाकीन, उत्तर आलं तर उत्तर, नाही आलं तर अपिलाची प्रत.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. घरात, भावकीत, गल्लीत पार्किन्सन्सचा रुग्ण असेल तर मला इनबॉक्समध्ये फक्त तालुका, वय आणि फवारणी किती वर्षं केली एवढंच पाठवा. नाव-गाव नको. ही काही शास्त्रीय पाहणी होणार नाही, पण जिल्हाधिकाऱ्यांपुढं ठेवायला कागद तरी होईल. दुसरं, वैद्यकीय महाविद्यालयात किंवा कृषी विद्यापीठात शिकणारं, शिकवणारं कुणी वाचत असेल, तर प्रबंधाचा विषय शोधू नका, तो इथंच पडलाय. आणि तिसरं, गावातला कुणी म्हातारा हळू चालायला लागला, हसणं बंद झालं, सही बदलली, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. डॉक्टरला दाखवा.

ही पोस्ट लिहिताना अण्णा शेजारच्या बाजेवर बसलेत. गोळी लागलेली आहे, चेहरा मोकळा आहे. त्यांना वाचून दाखवली. पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "खासदाराला इचारायच्या अर्जावर माझी बी सही घे." मी कागद दिला. सही करायला त्यांना साडेतीन मिनिटं लागली. बारीक आहे, वाकडी आहे, बँकेत चालणार नाही.

सोमवारी अर्जासोबत जाईल.